जीवनाची पवित्रता आणि बायबल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीसेक वर्षं परिचारिका म्हणून वॉर्डात काढली, आणि त्याहून जास्त वर्षं रविवारी सकाळी मंडळीतल्या पोरांना शब्बाथ शाळेत शिकवत आले. दोन्हीकडे प्रश्न तेच. शाळेत पोरं हात वर करून विचारतात, वॉर्डात नातेवाईक जिन्यात गाठून हळू आवाजात. खालचे प्रश्न त्यांतलेच आहेत. उत्तरं माझी आहेत, आमच्या पाळकसाहेबांना सगळीच पटतील असं नाही. वचनांचे संदर्भ दिलेत, ते शास्त्र उघडून स्वतः वाचा.

"मानवी जीवन पवित्र आहे" असं बायबलमध्ये नेमकं कुठं लिहिलंय?

या शब्दांत कुठंच नाही. "पवित्र" हा शब्द तिथं देवाला, शब्बाथाला, मंदिराला, अगदी याजकाच्या वस्त्रांनाही लावलेला सापडतो. मानवी जीवनाबद्दल मात्र असं सुटं सुभाषित नाही. जे आहे ते त्याहून कडक आहे.

उत्पत्ती 1:27 म्हणतं की देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला, नर आणि नारी दोघंही. त्या काळी हे वाक्य कानाला कसं लागलं असेल, याचा विचार करा. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, देवाची प्रतिमा म्हणजे राजा. तुतनखामेन या नावाचा अर्थच "आमोन देवाची जिवंत प्रतिमा" असा होतो. राजाची ती पदवी उत्पत्तीचं पुस्तक काढून घेतं आणि गुराखी, पाणक्या, दाई, सगळ्यांना सरसकट वाटून टाकतं.

मग येतो नववा अध्याय. जलप्रलय ओसरलाय, आणि देव नोहाला बजावतो की माणसाच्या रक्ताचा मी हिशेब मागेन, पशूकडूनही मागेन आणि माणसाकडूनही (9:5-6). कारण तेच, प्रतिरूप. "हिशेब" या शब्दाशी जरा थांबा. जीव देवाचा आहे, आपल्या हाती तो ठेव म्हणून आहे, आणि ठेवीचा जाब द्यावा लागतो. पुढचे सगळे नियम याच एका गोष्टीतून निघतात.

प्रतिरूप म्हणजे बुद्धी का? मग ज्याला बोलता येत नाही, ओळख राहिली नाही, त्याचं काय?

हा प्रश्न मला एका आईने विचारला होता. मुलगा सतरा वर्षांचा, मान धरत नव्हता.

शास्त्राने प्रतिरूपाची व्याख्या दिलेली नाही. धर्मपंडितांनी दिल्या: कुणी विवेक म्हटलं, कुणी वाचा, कुणी सृष्टीवरची सत्ता. उत्पत्तीने यादी केली नाही आणि मला वाटतं बरंच झालं, कारण यादी आली की गुणांची बेरीज येते आणि कुणीतरी नापास होतो. आदामाच्या पापानंतरही नवव्या अध्यायात ते प्रतिरूप शाबूत धरलेलं आहे. याकोबाचं पत्र (3:9) तर म्हणतं, ज्या जिभेने देवाची स्तुती करता तिनेच देवाच्या प्रतिरूपाच्या माणसाला शाप देता. म्हणजे ज्याला आपण शिव्या घालतो तोही प्रतिरूपच. जातीवरून माणसाची किंमत करणाऱ्या आपल्याकडच्या मंडळ्यांनी, आणि अशा आहेत, हे वचन वेदीसमोर मोठ्याने वाचावं.

दहा आज्ञांत "खून करू नको" आहे की "जीव घेऊ नको"?

मराठी शास्त्रात "खून करू नको" आहे (निर्गम 20:13) आणि ते मुळाच्या जवळ जातं. इब्री (हिब्रू) क्रियापद "रात्साख". युद्धात मारणं किंवा जनावर कापणं यासाठी साधारणपणे दुसरी क्रियापदं येतात. पण इतकंच सांगून मोकळं होता येत नाही. गणना 35 मध्ये हेच क्रियापद चुकून कुणाच्या हातून माणूस मेला तरी वापरलंय. कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटलं आणि शेजाऱ्याला लागलं (हे उदाहरण अनुवाद या पुस्तकातलं, 19:5), तरी तो "रात्साख"च. हेतू नव्हता म्हणून माणूस खुनी ठरत नाही, पण "माझा काय संबंध" असंही त्याला म्हणता येत नाही.

अशांसाठी सहा नगरं राखून ठेवली होती: केदेश, शखेम, हेब्रोन, बेसेर, रामोथ आणि गोलान. तीन यार्देन नदीच्या अलीकडे, तीन पलीकडे. मृताचा नातलग सूड घ्यायला मागे लागायच्या आत तिथं पोचायचं. पंचांसमोर चौकशी व्हायची. हेतू नव्हता असं ठरलं तर जीव वाचायचा, पण मुख्य याजक मरेपर्यंत ते नगर सोडता यायचं नाही. संरक्षण आणि कैद एकाच वेशीच्या आत. मारला गेला त्याचंही मोल राखलं, मारणाऱ्याचंही.

या नगरांना मराठी शास्त्रात "शरणपुरे" म्हणतात. नाशिककरांना हा शब्द ओळखीचा वाटेल. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल की एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने तिथं वसवलेल्या ख्रिस्ती वस्तीचं ते नाव? अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं ठेवली जात, शिकवली जात. जेकब वेनराइट त्यांच्यापैकीच एक. मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आफ्रिकेतून इंग्लंडला नेणारा, आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर अॅबीत त्याच्या शवपेटीला हात लावणाऱ्यांतला हा तरुण नाशकात शिकला होता. माल म्हणून विकल्या गेलेल्या पोरांच्या वस्तीला शरणपूर हे नाव ज्याने दिलं, त्याला गणना 35 नीट कळलं होतं.

जीवाचं मोल म्हणजे नुसती भावना, की काही रोजचे नियमही आहेत?

नियमच जास्त आहेत, आणि माझा जीव सगळ्यात जास्त या भागात रमतो. लोकांना जीवनाची पवित्रता म्हटलं की गर्भपात आणि फाशी एवढंच आठवतं. मोशेचं नियमशास्त्र गच्चीपासून सुरुवात करतं.

अनुवाद 22:8: नवं घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, म्हणजे कुणी पडून तुझ्या घरावर रक्ताचा दोष येणार नाही. बस, एवढंच वचन. पॅलेस्टाइनात धाबी सपाट असायची, लोक तिथं झोपायचे, जवस वाळत घालायचे, पाहुण्यांशी गप्पा मारायचे. पडला कोण, दारू पिऊन पडला का, त्याचीच चूक होती का, हे वचन विचारत नाही. कठडा होता का, एवढंच विचारतं. आमच्या सोसायटीच्या गच्चीचा कठडा एका बाजूला मांडीएवढाच होता. संक्रांतीला पोरं पाठमोरी धावत पतंग उडवायची. मी सभेत विषय काढला तर खर्च कोण करणार यावर दोन वर्षं गेली. शेवटी मी त्या सभेत हे वचन वाचून दाखवलं. सेक्रेटरी माळकरी माणूस, म्हणाले, "बाई, हे तुमच्या पोथीत आहे? मग आमच्यातही असणार. बांधून टाकू." पुढच्या महिन्यात गवंडी आला.

मारका बैल: पहिल्यांदा कुणाला मारलं तर बैल जायचा, मालक सुटायचा. पण बैल मारका आहे असं आधी सांगूनही मालकाने बांधला नाही आणि माणूस मेला, तर मालकाच्याच जिवावर बेतायचं (निर्गम 21:28-29). ब्रेक नीट नसलेली स्कूल व्हॅन रस्त्यावर काढणाऱ्यांना हे कुणीतरी वाचून दाखवावं.

आणि जातं. अनुवाद 24:6 म्हणतं, कर्जापोटी कुणाचं जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नको, कारण ते त्याचा जीवच गहाण घेण्यासारखं आहे. इथं "जीव" या अर्थाचा मूळ शब्द "नेफेश", उत्पत्ती 2:7 मध्ये मातीच्या माणसात श्वास फुंकल्यावर तो जे झाला तेच. तळी उचलून नेली की खालचा दगड नुसता दगड राहतो. दुसऱ्या दिवशीचं दळण नाही, मग भाकरी नाही. माझी आजी पहाटे दळायला बसायची, तिला हे वचन समजावून सांगावं लागलं नव्हतं. गहाण घेतलेलं पांघरूण दिवस मावळायच्या आत परत द्यायचं (निर्गम 22:26-27), मजुराची मजुरी त्याच दिवशी द्यायची (अनुवाद 24:15), कारण "त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो". ज्या राज्यात कर्जापायी शेतकरी जीव देतात तिथं ही वचनं जुन्या देशातली वाटत नाहीत.

शेवटचा एक नियम सांगते. शिवारात प्रेत सापडलं आणि खुनी कळला नाही तर काय करायचं? अनुवाद 21 म्हणतं, वडील मंडळींनी येऊन प्रेतापासून आसपासच्या गावांचं अंतर मोजायचं. जे गाव सगळ्यात जवळ, तिथल्या वडिलांनी कालवड घेऊन ओढ्याकाठी जायचं, तिची मान मोडायची, तिच्यावर हात धुवायचे आणि म्हणायचं: आमच्या हातांनी हे रक्त पाडलं नाही. पोलीस हद्दीवरून भांडतात, ही हद्द कुणाची, ती हद्द कुणाची. इथं दोरी धरून अंतर मोजतात ते जबाबदारी अंगावर घ्यायला.

मग देहदंड कसा चालतो?

उत्पत्ती 9:6 सरळ आहे: जो माणसाचं रक्त पाडतो त्याचं रक्त माणसाकडून पाडलं जाईल. नियमशास्त्रात देहदंडाचे बरेच गुन्हे आहेत, काही आज आपल्याला गुन्हेही वाटणार नाहीत. पण त्याच पुस्तकात कुलपंही आहेत. एका साक्षीवर कुणाला मारायचं नाही, दोन-तीन हवेत, आणि पहिला दगड साक्षीदाराने उचलायचा (अनुवाद 17:6-7). खोटं बोलून गर्दीत लपायची सोय नाही. काइनाने हाबेलाला मारलं, पण देवाने काइनाला मारलं नाही. त्याच्यावर खूण केली, ती त्याच्या रक्षणासाठी (उत्पत्ती 4:15). दावीद राजाने उरीया या आपल्या सैनिकाला मरायला पाठवलं, तरी दावीदही जगला.

पुढे यहुदी धर्मगुरूंनी ही शिक्षा इतकी अवघड करून ठेवली की सात वर्षांत एकाला मारणाऱ्या न्यायसभेला त्यांच्या परंपरेत "घातकी" म्हटलंय. कॅथलिक चर्चने 2018 मध्ये आपल्या धर्मशिक्षणात बदल करून देहदंड अस्वीकार्य ठरवला. प्रॉटेस्टंटांत दोन्ही मतं आहेत. भारतात 1980 च्या बच्चन सिंग निकालापासून "दुर्मिळातल्या दुर्मिळ" गुन्ह्यापुरतीच फाशी. मी फाशीच्या विरोधात आहे, पण उत्पत्ती 9:6 माझ्या बाजूला आहे असा दावा मी करत नाही.

आणि कनानातली कत्तल? लहान मुलंसुद्धा?

गुळगुळीत उत्तर माझ्याकडे नाही. इस्राएल लोक कनान देश जिंकतात त्या यहोशवाच्या पुस्तकात यरीहो शहर पडतं तेव्हा पुरुष, बायका, तरुण, म्हातारे, बैल, मेंढरं, सगळ्यांचा संहार झाल्याचं लिहिलंय. काही अभ्यासक म्हणतात ही त्या काळची युद्धवर्णनाची अतिशयोक्त भाषा आहे, कारण शास्ते या पुढच्याच पुस्तकात ते कनानी लोक शेजारीच नांदताना दिसतात. काही म्हणतात तो एकदाच झालेला न्यायदंड होता, नियम नव्हे. मला दोन्ही उत्तरांनी पुरतं समाधान मिळत नाही.

पण त्याच शास्त्रात दुसरे आवाज आहेत, ते दाबू नयेत. वेढा घातला तरी फळझाडं तोडू नका (अनुवाद 20:19). दावीदाला मंदिर बांधू दिलं नाही, कारण त्याच्या हातून फार रक्त सांडलं होतं (1 इतिहास 22:8). आमोस संदेष्टा परक्या अम्मोनी राष्ट्रालाही धारेवर धरतो, कारण सरहद्द वाढवायला त्यांनी गिलादातल्या गरोदर बायका चिरल्या (1:13). मेलेल्या बायका कुणाच्या, असा हिशेब तो करत नाही.

गर्भपाताबद्दल बायबल काय म्हणतं?

थेट आज्ञा नाही, ना या बाजूने ना त्या. जे आहे ते असं. स्तोत्र 139:13-16 मध्ये कवी देवाला म्हणतो, तू मला आईच्या उदरात विणलंस, माझा पिंड तुझ्या डोळ्यांनी पाहिला. यिर्मयाला देव सांगतो की गर्भात घडवण्याआधीच मी तुला ओळखत होतो (1:5). लूक 1:41 मध्ये मरीयेचा आवाज ऐकून अलीशिबेच्या पोटातलं बाळ उसळतं. ही जीवशास्त्राची विधानं नाहीत, प्रार्थना आणि साक्ष आहेत, पण त्यांचा कल कुणीकडे आहे हे दडलेलं नाही.

कायद्याचं एकच वचन आहे, निर्गम 21:22-25. भांडणाऱ्या पुरुषांचा गरोदर बाईला धक्का लागला तर? इब्री वाक्याचे दोन अर्थ लावतात. एक: बाळ वेळेआधी पण जिवंत आलं तर दंड, कुणालाही इजा झाली तर जिवाबद्दल जीव. दुसरा: गर्भ गेला तर दंड, आईला इजा झाली तर जिवाबद्दल जीव. जुन्या ग्रीक भाषांतरात तर तिसरीच गोष्ट आहे, गर्भाचा आकार झाला होता की नव्हता. यहुदी परंपरेने आईचा जीव धोक्यात असेल तर प्रसूतीपर्यंत आईला आधी ठेवलं. ख्रिस्ती मंडळीची पहिली शिकवण जास्त कडक: दिदाखे या अगदी जुन्या शिक्षणपत्रात गर्भपात आणि जन्मलेल्या अर्भकाची हत्या, दोन्ही स्पष्ट मना आहेत. कॅथलिक चर्च आजही गर्भधारणेपासून पूर्ण संरक्षण मानतं. प्रॉटेस्टंट मंडळ्या आईच्या जिवाला धोका, बलात्कार अशा प्रसंगी एकसारखं बोलत नाहीत. भारतात 1971 चा कायदा आहे, 2021 च्या दुरुस्तीने काही गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत 24 आठवड्यांपर्यंत गेली.

दिदाखे का लिहावं लागलं, ते सांगणारं एक पत्र मिसरच्या वाळूत सापडलं. इसवी सनापूर्वी 1 या वर्षी हिलारिओन नावाचा मजूर अलेक्झांड्रियातून गरोदर बायकोला, अॅलिसला, लिहितो. प्रेमाचं पत्र आहे, काळजी करू नको, पगार मिळाला की पाठवतो. आणि मध्येच: बाळ झालं, मुलगा असेल तर ठेव, मुलगी असेल तर टाकून दे. माणूस क्रूर वाटत नाही, हेच त्यातलं भयंकर. त्या जगात उकिरड्यावर टाकलेली पोरं उचलून आणणारे म्हणून ख्रिस्ती लोक ओळखले जाऊ लागले.

आपण नाक मुरडू नये. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, 1988 साली. तरी 2011 च्या जनगणनेत राज्यात शून्य ते सहा वर्षं वयाच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली, बीड जिल्ह्यात 807. माझ्या ड्युटीच्या वर्षांत "मुलगी आहे" असं सांगितल्यावर दाराबाहेर पसरणारी शांतता मी इतक्यांदा ऐकली आहे की हिलारिओनचं पत्र मला परकं वाटत नाही. आणि ज्या बाईला घरच्यांनी हाताला धरून आणलेलं असतं, तिच्यावर वचनं फेकणाऱ्यांचा मला राग येतो. ठेवीचा जाब आधी हात धरणाऱ्यांना विचारावा.

आत्महत्या केलेला माणूस नरकात जातो का? त्याची अंत्यविधीची उपासना होते का?

नरकात जातो असं वचन बायबलमध्ये नाही. आत्महत्या पाच-सहा आहेत: शौल, त्याचा शस्त्रवाहक, अहीथोफेल, जिम्री, यहूदा इस्कर्योत. लेखक घटना सांगतो आणि पुढे जातो. अहीथोफेलाबद्दल तर इतकंच म्हटलंय की त्याला त्याच्या बापाच्या कबरेत पुरलं (2 शमुवेल 17:23), म्हणजे आपल्या माणसांत. आत्महत्या हे पाप, अशी ठाम मांडणी नंतर पाचव्या शतकात ऑगस्टीनने केली. कॅथलिकांच्या 1917 च्या चर्च कायद्यात अशांना चर्चचं दफन नाकारलं होतं, 1983 च्या कायद्यातून ते कलम गेलं. आपल्या गावच्या मंडळीत अजून कुणी दफनभूमीच्या कोपऱ्याची भाषा करत असेल तर त्यांना हे सांगा.

जगणं नको झालेले मोठमोठे भक्त मात्र शास्त्रात पानोपानी आहेत. मोशे म्हणतो, मला मारून टाक. ईयोब जन्मदिवसाला शाप देतो. यिर्मयाही देतो. एलीया रानात रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे (1 राजे 19:4). देव त्याला उपदेश करत नाही. एलीया झोपतो. देवदूत त्याला हलवून उठवतो, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. खातो, परत झोपतो. देवदूत परत उठवतो: खा, वाट फार लांब आहे. प्रश्न, संवाद, काम, हे सगळं त्यानंतर. मानसोपचार वॉर्डातही आम्ही झोप आणि जेवणापासूनच सुरुवात करायचो.

आणि फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी. कैदी पळाले असं समजून तो स्वतःला संपवायला निघतो, तेव्हा पौल अंधारातून ओरडतो: स्वतःला काही करून घेऊ नको, आम्ही सगळे इथंच आहोत (प्रेषित 16:28). हे तुम्ही स्वतःसाठी वाचत असाल तर सरकारची टेली-मानस सेवा 14416 वर दिवसरात्र आहे, मराठीत बोलता येतं. आणि जवळच्या एका माणसाला आजच सांगा. त्यात अविश्वास नाही, एलीयाही बोललाच होता.

व्हेंटिलेटर काढणं म्हणजे खून का?

जिन्यातला प्रश्न हाच.

शास्त्र दोन गोष्टी शेजारी ठेवतं. जखमी शौल राजाला त्याच्याच विनंतीवरून मारलं असं सांगणाऱ्या अमालेकी माणसाला दावीद शिक्षा करतो (2 शमुवेल 1). दयेपोटी मारलं ही सबब चालली नाही. दुसरीकडे उपदेशक 3:2 मरणाचीही वेळ मानतो. याकोब पलंगावर पाय ओढून घेतो आणि आपल्या लोकांना जाऊन मिळतो, त्याला कुणी अडवत नाही.

1957 मध्येच पोप पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञांसमोर बोलताना सांगितलं की असाधारण उपायांनी जीव लांबवत राहण्याचं बंधन नाही. मारणं वेगळं आणि मरू देणं वेगळं, हा भेद बहुतेक चर्च मानतात. आपल्याकडे हा विषय घराघरांत पोचला तो अरुणा शानबाग यांच्यामुळे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका, 1973 च्या हल्ल्यानंतर बेचाळीस वर्षं अंथरुणाला. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाबतीत दयामरणाची विनंती फेटाळली, पण निष्क्रिय दयामरणाचं दार किलकिलं केलं. 2018 च्या निकालाने उपचार थांबवण्याबद्दल जिवंतपणीच इच्छापत्र करून ठेवायला मान्यता दिली. केईएमच्या परिचारिका मात्र विनंतीच्या विरोधात होत्या. पिढ्या बदलल्या, तरी त्यांनी अरुणाताईंना 2015 पर्यंत सांभाळलं, इतकं चोख की अंगावर बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, नव्हता. ज्याने कधी दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलली आहे त्याला या वाक्याचं वजन कळेल.

म्हणून मी नातेवाइकांना सांगायचे: नळी काढायची की नाही हे डॉक्टरांशी बोला. पण आधी मला सांगा, ओठ कोरडे पडलेत, कापसाने ओले कोण करतंय?

तुम्ही मटण खाता, मग कसली जीवनाची पवित्रता?

शेजारच्या जैन काकू हे दर पर्युषणात विचारतात, हसत हसत, आणि प्रश्न रास्त आहे. बायबलची भूमिका अहिंसा नाही, हे आधी मान्य करते. पण उत्पत्ती 1:29 मध्ये माणसाला दिलेलं पहिलं अन्न बी आणि फळ आहे. मांस येतं जलप्रलयानंतर, सवलत म्हणून, आणि सोबत अट: रक्तासकट खायचं नाही, कारण रक्तात जीव आहे (लेवीय 17:11). म्हणजे खाल्लं तरी जीव तुझा झाला नाही.

घरट्यात अंडी किंवा पिलं घेतलीस तर बसलेली आई सोडून दे (अनुवाद 22:6-7). मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नको (25:4), त्यालाही खाऊ दे. चौथ्या आज्ञेत शब्बाथाची सुट्टी जनावरांनाही आहे. कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, बेने इस्राएल, तेलाचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव त्यांना "शनवार तेली" म्हणत. घाणा बंद म्हणजे बैलही मोकळा. रायगडातल्या एखाद्या गावात शनिवारी दावणीला निवांत रवंथ करणारा तो बैल म्हणजे निर्गम 20:10.

योनाच्या पुस्तकाचं शेवटचं वाक्य काकूंना फार आवडतं. निनवे वाचली म्हणून योना रुसून बसलाय, आणि देव विचारतो: ज्यांना उजवं-डावं कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं तिथं आहेत, त्यांची मला कीव येऊ नये? आणि शिवाय पुष्कळ गुरंढोरं. पुस्तक तिथंच, गुरांपाशी संपतं.

येशूने यात नवीन काय सांगितलं?

हिशेब आणखी मागे नेला. खुनापर्यंत थांबला नाही, रागापाशी आणि "मूर्खा" या शिवीपाशीच पोचला (मत्तय 5:21-22). वाळलेल्या हाताच्या माणसाला शब्बाथ दिवशी उभं करून विचारलं, जीव वाचवणं योग्य की मारणं (मार्क 3:4)? म्हणजे वाचवता येत असताना न वाचवणं कुठल्या रकान्यात जातं, ते लोकांनाच ठरवायला लावलं. चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत वाटेत जखमी पडलेल्या माणसाला पाहून याजक आणि लेवी काहीच करत नाहीत, नुसते बाजूने जातात. आणि तीच त्यांची गोष्ट.

ख्रिस्ती लोकांनी हे पाळलं का?

काहींनी. इसवी सनाच्या चौथ्या शतकात कैसरियाच्या बिशप बेसिलने गावाबाहेर आजाऱ्यांसाठी, कुष्ठरोग्यांसाठी मोठी वसाहत उभी केली. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली, विधवा गोळा करून आणल्या आणि केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय काढलं. आणि त्याच धर्माच्या लोकांनी धर्मयुद्धं केली, गुलामांची जहाजं चालवली, ज्यू शेजाऱ्यांना मारलं. शरणपूरची पोरं ज्या जहाजांतून सुटली तसा व्यापार अटलांटिकवर शतकानुशतके बायबल वाचणाऱ्यांनीच केला. दोन्ही खरं आहे, एकाने दुसरं पुसलं जात नाही.

लहान मुलांना हे कसं शिकवायचं?

मी चिमण्यांपासून सुरू करते. मत्तय 10:29 मध्ये दमडीला दोन चिमण्या, लूक 12:6 मध्ये दोन दमड्यांना पाच. मुलांना फळ्यावर गणित घालते. दमडीला दोन, तर दोन दमड्यांना किती? चार. मग पाचवी कुठून आली? कोपऱ्यातून कुणीतरी ओरडतंच, "फुकट!" भाजीवाली वर कढीपत्ता टाकते तशी. बाजारात जिची दमडीही किंमत नाही ती पाचवी, आणि येशू म्हणतो, त्यांच्यातल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही.

गेल्या वर्षी दुसरीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, पण चारच घेतल्या आणि पाचवी नको म्हटलं तर तिला सोडतील का?" मी म्हटलं, माहीत नाही. तिने वहीत पाच चिमण्या काढल्या, आणि पाचवी पिंजऱ्याच्या बाहेर.